इंदूआक्का वाफ्याबाहेर आल्या

इंदूआक्का कुठेही गेल्या की आधी तिथल्या झाडाला भेटायच्या. माणसं मागून. बँकेत, दवाखान्यात, कोणाच्या लग्नात, दारातून आत शिरताच त्यांची नजर कोपऱ्यातल्या कुंडीवर जायची. मग सरळ तिथे जाऊन दोन बोटांत पान धरायच्या, माती दाबून बघायच्या आणि जो कोणी जवळ उभा असेल त्याला सांगून टाकायच्या, "याला पाणी जास्त होतंय." किंवा, "बिचाऱ्याला जरा खिडकीजवळ तरी ठेवा."

एकदा आम्ही दोघी सुरतेत, उधन्याच्या एका बँकेत गेलो होतो. मॅनेजरच्या केबिनमध्ये एक उंच, हिरवंगार झाड होतं. आक्का तडक तिकडे गेल्या, पान धरलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मॅनेजर बोलत होता तो सगळा वेळ त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मला वाटलं, बरं नाही की काय. बाहेर आल्यावर पायरीवर बसून हसू लागल्या ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं.

"ताई, प्लास्टिकचं होतं गं! आणि मी त्याला मनात म्हटलं, काय तब्येत आहे तुझी!"

पुढे कित्येक दिवस ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगत होत्या. स्वतःची फजिती दुसऱ्याने सांगायच्या आत आपणच सांगून मोकळं व्हायचं, ही त्यांची रीत होती.

मला त्या 'ताई' म्हणायच्या आणि अरेतुरे करायच्या, दोन्ही एकाच वाक्यात. मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी तरी लहान. माझे वडील रेल्वेत होते, आमचं घर उधन्यात. मी ड्राफ्टिंगचा डिप्लोमा करून घरी बसले होते तेव्हा आक्का आमच्याकडे आल्या. बागेचे नकाशे काढायला त्यांना कोणीतरी हवं होतं. दारात उभ्या राहून आधी वडिलांना "जय भीम, बाबा" म्हणाल्या, पाणी प्यायल्या, मग मला विचारलं, "तुला झाडाचं चित्र काढता येतं का?"

मी म्हटलं, "नकाशात झाड म्हणजे नुसतं गोल असतं."

"चालेल. पण आंब्याचा गोल मोठा काढ. आमच्याकडे आधी एक पोरगा होता, तो आंबा आणि तुळस एकाच मापाची काढायचा."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

आक्का अमळनेरकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या. नवरा, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये होता. आक्का आणि त्यांच्या गावची मंगला, दोघी छगनभाई नावाच्या एका ठेकेदाराकडे निंदणीला जायच्या. अडाजण, पाल, पुढे वेसू, जिथे बंगले झाले तिथे त्या दोघी खुरपं घेऊन शेजारी शेजारी बसल्या. छगनभाई म्हातारे झाले, मुलाकडे वडोदऱ्याला निघाले, तेव्हा त्यांनी आक्कांना बोलावून सांगितलं, "इंदुबेन, आ काम हवे तमे संभाळो." आक्कांनी काम सांभाळलं. मंगलामावशी बरोबर आल्या. दादांनी मिल सोडून टेम्पो घेतला. टेम्पोवर गुजराती अक्षरांत नुसतं 'बागकाम' लिहिलं होतं आणि खाली फोन नंबर.

मी गेले तेव्हा हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली होती. बंगले होते, सोसायट्या होत्या, एका शाळेचं मैदान होतं, एका दवाखान्याचं लॉन होतं. भेस्तानला टायरच्या दुकानावर ऑफिसची एक खोली होती. पण त्या खोलीत आक्का कधी नसायच्या. त्या कुठल्यातरी वाफ्यात बायकांबरोबर उकिडव्या बसलेल्या असायच्या. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्याच्या पिशवीत, आणि डब्याची पिशवी झाडाला टांगलेली. फोन वाजला तर तो झाडाला ऐकू जायचा.

खोलीत माझ्यासमोर माणसं येऊन बसायची. नर्सरीवाला विचारायचा, रोपं किती पाठवू. सोसायटीचा सेक्रेटरी विचारायचा, कारंजं ठेवायचं की काढायचं. मी सगळ्यांना चहा पाजायचे आणि सांगायचे, आक्का येतील. आक्का संध्याकाळी यायच्या, कोपरापर्यंत माती, चेहऱ्यावर समाधान. "आज वेसूचा अर्धा वाफा उरकला," म्हणायच्या. मी म्हणायचे, "आक्का, पालचा सेक्रेटरी दोन तास बसून गेला." त्या म्हणायच्या, "अगंबाई. उद्या भेटते हं त्याला." आणि उद्या पुन्हा वाफ्यात.

त्यांना खुरप्याची ओढ होती, हे मला कळायचं. खोलीत बसल्या तर पाय हलवत राहायच्या, खिडकीतून वाकून टेम्पो आला का बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ताई, खुर्चीवर बसलं की मला वाटतं मी आजारी आहे."

पण खरी अडचण दुसरीच होती. जिथे त्या स्वतः नसत, तिथलं काम त्यांना पटायचं नाही. मंगलामावशींना त्यांनी मुकादम केलं होतं. सगळ्या साइटी त्यांच्याकडे. पण आक्का मागाहून जायच्या आणि मावशींनी केलेलं काम हाताने नीट करायच्या. ओरडायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या, रोप उपटायच्या आणि वीतभर बाजूला लावायच्या. हसत हसत, काहीतरी गोड बोलत. त्यामुळे ते जास्त लागायचं.

अडाजणच्या एका सोसायटीत मंगलामावशींनी वळणदार वाटेच्या कडेने कर्दळ लावली होती. दिवसभर उन्हात आठ-दहा बायका खपल्या होत्या. मी नकाशा घेऊन तिथेच होते. संध्याकाळी आक्का आल्या. वाटेवरून एकदा चालल्या. मग साडीचा ओचा खोचला, खाली बसल्या, आणि पहिल्या रोपापासून सुरुवात केली. उपट, लाव. उपट, लाव. बायका हातपाय धुऊन घरी जायला निघाल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. एक-दोघी पुन्हा खाली बसून मदत करू लागल्या. मंगलामावशी नळाजवळ उभ्या होत्या. त्यांनी हात धुतले, पुसले, डबा उचलला आणि फाटकातून बाहेर गेल्या.

आक्का मान वर न करता म्हणाल्या, "मंगला, जरा पाण्याचा पाइप दे गं."

शेवटी पाइप मी दिला.

दुसऱ्या दिवशी मंगलामावशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कळलं, त्या घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम घेऊन बसल्या आहेत. सुरतेत हे काम गल्लोगल्ली मिळतं. साड्यांचा गठ्ठा घरी येतो, गोंद येतो, खडे येतात, बायका चिकटवतात. आक्का म्हणाल्या, "रुसली आहे. येईल." त्यांच्या बोलण्यात काळजी नव्हती. इतक्या वर्षांत किती वेळा भांडलो, म्हणाल्या.

मावशी आल्या नाहीत. आक्कांनी त्यांच्या सगळ्या साइटी स्वतःकडे घेतल्या. उन्हाळा सुरू झाला होता. सकाळी पाल, दुपारी वेसू, मग दवाखान्याचं लॉन. दादा टेम्पो चालवता चालवता मला म्हणायचे, "तूच सांग तिला. माझं ऐकत नाही." मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी नसले तर काम अडतं."

एका दुपारी शाळेच्या मैदानावर आक्कांना चक्कर आली. ऊन लागलं होतं. दादांनी त्यांना टेम्पोत आडवं घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथून सुटल्यावर डॉक्टरांनी घरातून हलायचं नाही असं बजावलं. मग मी रोज त्यांच्या घरी जाऊन काय चाललंय ते सांगू लागले.

काही चाललेलंच नव्हतं. वेसूला शेणखत येऊन पडलं होतं, पण ते कुठल्या वाफ्यात टाकायचं ते आक्कांनी सांगितलं नव्हतं म्हणून बायका त्याच्याभोवती बसून होत्या. शाळेत कुंड्या उन्हात तापत होत्या. बाजूलाच सावली होती, पण आक्कांना न विचारता कुंडी हलवायची कोणाची हिंमत नव्हती. दवाखान्याच्या लॉनवर पिवळे डाग पडले होते. पाणी वाढवायचं की कमी करायचं, हे ठरवायला कोणी नव्हतं. मी हे सगळं सांगत होते आणि आक्का पलंगावर पडून ऐकत होत्या.

"कुंड्यासुद्धा नाही हलवल्या?"

"त्या म्हणतात, मागे एकदा हलवल्या होत्या तर तुम्ही परत जागेवर ठेवल्यात."

आक्कांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं झोप लागली. मी उठायला लागले तेव्हा त्या बोलल्या.

"काम अडतं म्हणायचे ना मी? मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. अडणारच. सगळ्यांचे हात मीच बांधून ठेवलेत." मग म्हणाल्या, "मंगलाशी मी वागले ते तर कुठल्याही बाईने सहन करावं असं नव्हतं."

बरं वाटताच त्यांनी मला स्कूटी काढायला सांगितली. दिंडोलीला मंगलामावशींच्या घरी गेलो. मावशी जमिनीवर बसल्या होत्या. समोर निळी साडी पसरलेली, वाटीत खडे, हातात गोंदाची नळी. आक्कांकडे पाहून अहिराणीत म्हणाल्या, "कसाले उनी?"

कशाला आलीस. आक्का चप्पल काढून समोर बसल्या. मी दाराशी टेकले. मावशींनी मला पाणी दिलं, आक्कांना दिलं नाही.

आक्कांना रिकामं बसवेना. त्यांनी वाटीतला एक खडा उचलला, गोंद लावला आणि साडीच्या काठावर चिकटवला. मग दुसरा. मग तिसरा. मंगलामावशी बघत होत्या. आक्कांचे तीन-चार खडे लावून झाल्यावर मावशींनी हात पुढे केला. नखाने पहिला खडा उचकटला, पुसला, आणि सुताएवढा बाजूला नीट बसवला. मग दुसरा उचकटला. मग तिसरा. एक शब्द न बोलता, चेहऱ्यावर छान हसू ठेवून.

आक्का बघतच राहिल्या. त्यांचे कान लाल झाले.

मावशींनी विचारलं, "आते समजनं?"

"समजनं," आक्का म्हणाल्या. "मन्ही चूक व्हयनी, मंगला."

मग दोघी रडल्या आणि रडता रडता हसायलाही लागल्या. मी दारातच उभी होते. मला आत यावं की बाहेर जावं कळेना. शेवटी मावशी म्हणाल्या, "ताई, उभी काय राहिलीस, चहा ठेव." मी चहा ठेवला.

चहा पिताना आक्का म्हणाल्या, "मुकादम म्हणून नको येऊस. भागीदार म्हणून ये. साइटी तुझ्या. मी नुसती बाहेरची कामं बघेन."

मावशींनी बशी खाली ठेवली. "मी हो म्हटल्याशिवाय तू वाफ्यात पाय नाही ठेवायचा. पाहुण्यासारखं यायचं, बसायचं, जायचं. चालेल?"

"चालेल."

"खुरप्याला हात नाही लावायचा."

आक्कांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घरच्या तुळशीपुरती तरी सूट दे."

"तुळशीपुरती," मावशी म्हणाल्या.

बोलणं सोपं होतं. पाळणं किती कठीण गेलं ते मी जवळून पाहिलं. मंगलामावशी परत आल्यानंतर पहिल्यांदा आक्का वेसूच्या बागेत गेल्या तेव्हा वाटेवरच उभ्या राहिल्या. एक वाफा तिरका होता. मलासुद्धा दिसत होता. आक्कांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखं. मावशी लांबून बघत होत्या. आक्का म्हणाल्या, "छान झालंय." मग माझ्या कानाशी येऊन, "चल लवकर इथून. हात सुटतील माझे."

त्यांनी मग एक युक्ती काढली. साइटवर जाताना लोकरीचा गुंडा आणि सुया घेऊन जायच्या. सुरतेच्या उकाड्यात स्वेटर! बांधावर बसून विणायच्या. दादांसाठी एक स्वेटर झाला, जो त्यांनी कधीच घातला नाही. मग मावशींच्या नातवासाठी झाला. मग माझ्या वडिलांसाठी. विणकाम भयंकर होतं, पण वाफे सुटले.

हात मोकळे झाले तसं त्यांचं डोकं दुसरीकडे चालू लागलं. संध्याकाळी त्या ऑफिसात येऊन खरंच खुर्चीवर बसू लागल्या. माझा भिंतीवरचा सुरतेचा नकाशा पहिल्यांदा त्यांनी नीट पाहिला. "ताई, आपण सकाळी पालला जातो, मग तिकडे सचिन गावाला, मग परत अडाजण. अर्धा दिवस टेम्पोत जातो. लांबची तुटक कामं सोडून देऊ. एका अंगाची धरू." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नव्या बागा करायला सगळे धावतात. केलेल्या बागा सांभाळायला कोणी नाही. आपण सांभाळायचं काम घेऊ. पावसाळ्यातसुद्धा बायकांना घरी बसायला नको." मग चलथाणच्या पलीकडे, उसाच्या शेतांच्या मधे, एक जमिनीचा तुकडा भाड्याने घेऊन रोपं स्वतः वाढवायचं ठरवलं. दुसऱ्यांच्या नर्सरीतून मेलेली रोपं आणून परत करण्याचा ताप संपला. आणि प्रत्येक बाग एकेका बाईच्या नावाने लावून दिली. ती सांगेल तसं पाणी, ती सांगेल तेव्हा छाटणी. "चुकली तर?" मी विचारलं. "चुकू दे की. मी काय कमी चुकले? मला कोणी उपटून बाजूला नाही लावलं."

आक्का 'नाही' म्हणायला शिकल्या, हे मला सगळ्यात नवल वाटलं. एक मोठा बिल्डर आला होता. त्याला त्याच्या नव्या इमारतीसमोर पूर्ण वाढलेले ताड हवे होते, लगेच, भर मे महिन्यात, उद्घाटनाच्या आधी. मी मनात खूश झाले होते. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि नाही म्हणाल्या.

तो गेल्यावर मी चिडले. "आक्का, एवढं मोठं काम!"

"त्याला बाग नको, ताई. त्याला फोटो पाहिजे. मे महिन्यात त्या उन्हात माझ्या बायका ताड उभे करणार आणि ते ताड जगायचे नाहीत. मग आपल्यालाच शिव्या."

दुसऱ्याने ते काम केलं. वर्षभराने आम्ही दोघी त्या इमारतीवरून जात होतो. स्कूटी थांबवायला लावून आक्कांनी पाहिलं. ताड चांगले जगले होते. तरारलेले, झुलत होते.

"जगले की गं!" आक्का म्हणाल्या. "चुकलं माझं. झाडाच्या बाबतीत चुकलं." स्कूटी सुरू केली तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. "पण त्या उन्हात उभं राहून आपल्या बायकांनी ते केलं नाही, ते बरंच झालं. ते नाही चुकलं." आणि घरी पोहोचेपर्यंत त्या ताडांचं कौतुक करत राहिल्या.

पुढे माझं लग्न झालं, नवऱ्याची बदली नाशिकला झाली आणि मला सुरत सोडावी लागली. निघण्याच्या आदल्या दिवशी आक्कांना भेटायला ऑफिसात गेले. तिथे मंगलामावशी होत्या. म्हणाल्या, "ती कशाला इथे बसेल? वेसूच्या सोसायटीत असेल. संध्याकाळी जाते कधी कधी."

मी तिकडे गेले. ती बाग आमचीच, मावशींच्या हाताखालच्या एका बाईने उभी केलेली. बोगनवेल फुलली होती, मुलं घसरगुंडीवर ओरडत होती, बाकांवर म्हातारी माणसं बसली होती. आणि लॉनच्या मधोमध, चपला बाजूला काढून, पाय लांब करून आक्का बसल्या होत्या. डोळे मिटलेले. मी जवळ जाणार इतक्यात शिट्टी वाजली. गणवेशातला एक तरुण वॉचमन धावत आला.

"माताजी, लॉन पे बैठना मना है. उठिये, उठिये."

आक्कांनी डोळे उघडले. मी पुढे होऊन सांगणार होते की अरे, या कोण आहेत ठाऊक आहे का. आक्कांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

"हां भाई, उठती हूं," म्हणाल्या. माझ्या खांद्याला धरून उठल्या. चपला हातात घेतल्या. "बेंच पे बैठूं तो चलेगा?"

"बेंच पे बैठो, कोई बात नहीं."

आम्ही बाकावर बसलो. वॉचमन लॉनच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि क्रिकेट खेळणाऱ्या मुलांवर शिट्टी फुंकू लागला. आक्का त्याच्याकडे बघत होत्या. बाकावर एक गुजराती आजोबा होते, त्यांना विचारलं, "काका, हा रोज असाच हाकलतो का सगळ्यांना?"

"अरे बेन, बहु कडक छे," आजोबा वैतागून म्हणाले. "मारा दीकराने पण काढी मूक्यो."

आजोबांच्या मुलालासुद्धा लॉनवरून काढलं म्हणे. आक्कांचा चेहरा असा फुलला की आजोबा बघतच राहिले. "मी नसले तरी काही अडत नाही गं, ताई," आक्का माझ्या कानाशी म्हणाल्या. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि अंधार पडून बाग बंद होईपर्यंत आम्ही दोघी त्या बाकावर बसून राहिलो.